गाठ मारलेल्या पिशवीतली शाल

सोमवार, २ डिसेंबर

आज दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांनी, पाळणाघरातल्या झोपायच्या खोलीच्या खिडकीतून, माझ्या हातची शाल मला प्लास्टिकच्या पिशवीत कोंबलेली दिसली. पिशवीला गाठ मारली होती, तीही दुहेरी. पिशवी वरच्या फळीवर होती, एका बाजूला लंगोट आणि दुसऱ्या बाजूला नाकं पुसायची फडकी. राखाडी लोकर, डाळिंबी काठ. माझं विणकाम मी शंभरांत ओळखीन.

ही शाल विणायला मला एक्केचाळीस दिवस लागले. जुलैमध्ये गुडघ्याचं ऑपरेशन झालं, दीड महिना अंथरुणात होते, तेव्हा विणली. नातीला अडीच वर्षं मी सांभाळली. आंघोळ, जेवण, दुपारची झोप, सगळं माझ्याकडे. मी आडवी झाल्याबरोबर तिला पाळणाघरात घातली, आणि मी उभी राहिल्यावर मुलगा म्हणाला, आता रुळली आहे तिथे, राहू दे. सप्टेंबरात काठी टेकत तिथे गेले आणि ही शाल तिला सांभाळणाऱ्या बाईला भेट दिली. त्या बाईची वेणी कमरेच्याही खाली जाते, म्हणून घरात आम्ही तिला वेणीच म्हणतो. घेताना तिने 'कशाला एवढं, आजी' असं म्हटलं होतं. आता कळलं, ते खरंच मनापासून म्हटलं होतं.

चार वाजता नातीला घ्यायला जायचं काम तेवढं माझ्याकडे उरलं आहे. मी वीस मिनिटं आधी जाते. वेळेवर जाणाऱ्याला सगळं आवरलेलंच दिसतं.

संध्याकाळी सुनेने विषय काढला. वीस तारखेला पाळणाघराला वर्षअखेरची दोन आठवड्यांची सुट्टी लागते, त्याआधी तिथल्या तिघींना भेटी द्यायला हव्यात. एक संचालिका, एक वेणी, एक स्वयंपाकाच्या मावशी. सुनेचं मत, दुकानाची भेटकार्डं द्यावीत, ज्याला जे हवं ते तो घेईल. मुलगा म्हणाला, "आई, तूच ठरव ना. तुला वेळ आहे."

वेळ आहे. हो, आहे.

बुधवार, ४ डिसेंबर

आमच्या शाळेत शिवण शिकवणाऱ्या सिस्टर होत्या, त्यांचा एक नियम मी आजवर मोडलेला नाही. भेट देताना घेणाऱ्याच्या तोंडाकडे बघू नये, हातांकडे बघावं. तोंडाला हसायला शिकवलेलं असतं. वेणीला शाल दिली तेव्हा मी नियम पाळला की नाही ते आठवत नाही. काठी सांभाळण्यात लक्ष होतं. तिथेच चुकले.

आज तीन दुकानं हिंडले. मग बाद केले: कप, कारण लहान मुलं सांभाळणाऱ्या बाईला जन्मात कोणी गरम चहा पिऊ देत नाही. सुवासिक मेणबत्त्या, कारण त्या कोणी लावत नाही, पुढच्या माणसाला देऊन टाकतात. मला आलेल्या दोन मीही दिल्या आहेत. कातडी पाकिटं, कारण रिकामं पाकीट देणं म्हणजे टोमणा. चॉकलेटचे डबे, कारण ते मुलंच खातील.

मावशींना मी सरळ विचारलं, तुम्हाला काय लागतं? त्या म्हणाल्या, "आजी, माझ्या पायांना एक खुर्ची आणि त्या खुर्चीला माझा स्वयंपाक येत असला तर द्या." बाई मिस्कील आहे. त्या सकाळपासून गार फरशीवर उभ्या असतात. मी ते लिहून घेतलं.

वेणीला विचारलं नाही. आज हवेत चांगला गारठा होता, ती पातळ ब्लाउजवर एक विटका स्वेटर घालून मुलांचे बूट बांधत होती. हात पाण्याने फुटून लाल झाले होते. अंगावर शाल नव्हती. इतकी कुडकुडत होती, तरी माझी शाल घेत नाही. एवढा तिटकारा कशाचा?

शुक्रवार, ६ डिसेंबर

दोन गोष्टी. दोन्ही वेगळ्या दिसतात, पण तेहतीस वर्षं कचेरीत आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईला दोन कागद एकाच फायलीतले आहेत हे वासावरून कळतं.

पहिली. माझ्या कपाटात कोणीतरी हात घालतं. खालच्या खणातल्या घड्या सोमवारी सकाळी हललेल्या असतात. चोरीला काही जात नाही, हे जास्त संशयास्पद. शिवाय गुडघ्याच्या मलमाची डबी मला महिनाभर पुरायची, ती आता तीन आठवड्यांत तळ दाखवते. घरात गुडघे दुखणारी मी एकटी. मुलाला विचारलं तर म्हणतो, आई, तू जास्त लावत असशील. सुनेला विचारलं तर तिने नवी डबी आणून ठेवली. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर न देता वस्तू आणून ठेवणं, ही जुनी युक्ती आहे. आमच्या साहेबांची होती.

दुसरी. आज नात केस विंचरून घेताना सहज म्हणाली, "वेणीताईने आजीला पिशवीत ठेवलं. गाठ मारली."

मी कंगवा खाली ठेवला. कुठल्या आजीला? तर माझ्याकडे बोट दाखवून खुदकन हसली. पुन्हा विचारलं तर म्हणाली, आजी वर बसते, लंगोटाजवळ.

पोरांना बागुलबुवाची भीती घालणाऱ्या बाया मी पाहिल्या आहेत. 'झोप, नाहीतर तुझ्या आजीला पिशवीत घालीन' ही नवीनच तऱ्हा. जेवताना मी हे सगळ्यांसमोर मांडलं. मुलगा हसला. सून हसली नाही. ती ताटाकडे बघत राहिली आणि मग अचानक तिला आठवलं की धुणं वाळत घालायचं राहिलं आहे. धुणं मी दुपारीच घातलं होतं.

कुठेतरी पाणी मुरतंय.

सोमवार, ९ डिसेंबर

आज एक वाजता न कळवता गेले. झोपेची वेळ एक ते तीन.

दार संचालिकेने उघडलं. भली बाई आहे, पण नियम तोंडपाठ असलेल्या माणसांना जशी आपण बोलायच्या आधीच मान हलवायची सवय असते, तशी तिलाही आहे. म्हणाली, झोपेच्या वेळी पालकांना आत सोडत नाही. मी म्हटलं, मी पालक नाही, पालकाची आई आहे. तिने तरीही मान हलवली. उंबऱ्यातून मला फक्त आठ गाद्यांची टोकं आणि सोळा पायतळवे दिसले. आमचा जोड मी ओळखला. उजव्या अंगठ्यावर तीळ आहे. अंगठा हलत नव्हता. शांत झोपली होती.

वेणी बाहेर आली. मी आवाज न चढवता विचारलं, मी दिलेली शाल कुठे आहे? ती म्हणाली, आजी, छान आहे हो शाल, रोज वापरात आहे.

"कोणाच्या?"

तिने संचालिकेकडे पाहिलं, संचालिकेने मान हलवली. कचेरीत माझ्यासमोर उभ्या राहून दोन कारकून बाया अशाच एकमेकींकडे बघत, आणि दर वेळी मधल्या टेबलावरची फाइल हरवलेली निघे.

येताना गुडघा फार बोलला. मलम तीनदा लावलं. भेटींचा निर्णय स्थगित. शाल कुठे जाते हे कळल्याशिवाय या घरातून त्या घरात सुतळीचा तोडासुद्धा जाणार नाही.

बुधवार, ११ डिसेंबर

जप्ती झाली.

तीन पंचेचाळीसला वेणीला आतून हाक आली, खोली रिकामी, मुलं अंगणात. मी काठीने फळीवरची पिशवी पुढे ओढली आणि माझ्या मोठ्या पर्समध्ये घातली. ही चोरी नव्हे. स्वतःच्या हातच्या वस्तूची विचारपूस आहे.

घरी दार लावून गाठ सोडली. दुहेरी गाठ सोडायला सुई लागली. आत जे निघालं त्याची नोंद अशी. एक: शाल तीन महिन्यांत एकदाही धुतलेली नाही. दोन: एक कोपरा चघळलेला, लोकर चिकट, विणीचे चार टाके सैल. तीन: शालीला मलमाचा भपका. माझ्याच मलमाचा. एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या उशीला यावा तसा.

म्हणजे आता फायली जुळल्या. माझं मलम घरातून जातं, आणि वेणीच्या शालीवर सापडतं. सून माझं मलम वेणीला पुरवते, वेणी ते कुठेतरी चोपडते आणि हात माझ्या शालीला पुसते. कोपरा बहुधा अंगणातल्या कुत्र्याने चघळला असावा. एवढ्या नीच पातळीला कोणी का जाईल हे मला कळत नाही, पण जातात माणसं.

गरम पाणी, आधी एक साबण, मग दुसरा. तीनदा खळबळली. सैल टाके घट्ट केले. उन्हात घातली. संध्याकाळी नाकाला लावून पाहिली, नुसता उन्हाचा वास. सिस्टर असत्या तर पाठ थोपटली असती.

शुक्रवार, १३ डिसेंबर

पाळणाघराची घडी विस्कटलेली दिसते. काल आणि आज दोन्ही दिवस सुनेला दुपारी तिथून फोन. काल नात झोपलीच नाही. आज शेजारच्या गादीवरच्या मुलाच्या दंडाला चावली. चार वाजता मी गेले तेव्हा पायऱ्यांवर बसलेली, डोळे लाल, बूट उलटसुलट. मला बघून धावत आली आणि माझ्या पदराच्या टोकाने तोंड झाकून घेतलं. घरी येईपर्यंत खांद्यावर झोपली. गुडघ्याने परवानगी दिली नव्हती, मी मागितलीही नाही.

मी सुनेला म्हटलं, बघ, मी सांगत होते. तिथे काहीतरी काळंबेरं आहे.

तिने हातातली पळी खाली ठेवली. मग म्हणाली, "आई, तिथली शाल तुम्ही आणलीत का?"

"माझीच होती."

"धुतलीत?"

"दोन साबणांनी."

सून स्वयंपाकघरातल्या स्टुलावर खाली बसली. दोन्ही हात मांडीवर, बोटं एकमेकांत. मला वाटलं, आता तरी आभार मानेल. ती उठून नातीच्या खोलीत गेली आणि बराच वेळ आली नाही.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. फक्त चोर कोण ते अजून ठरत नाही.

सोमवार, १६ डिसेंबर

शाल परत करायला गेले. इस्त्री केली होती, तलम कागदात गुंडाळली होती. मनात वाक्यं जुळवून ठेवली होती, चांगली धारदार. या वेळी सिस्टरांचा नियम पाळला, हातांकडे पाहिलं.

वेणीने कागद सोडला. शाल खांद्यावर घेतली नाही. उचलून नाकाला लावली, वास घेतला. माझ्या धुण्याची परीक्षा घेते की काय, असं मला वाटलं. मग तिचे हात हळूहळू खाली आले, आणि तिने शाल पुन्हा त्याच घड्यांवर घडी घातली. फुटलेले, लाल हात. एखाद्याच्या घरचं झोपलेलं मूल उचलून ठेवावं, इतक्या जपून.

"आजी, एक मागू? रागावू नका."

मी म्हटलं, माग.

"ही तीन-चार दिवस तुम्ही अंगावर घ्याल? घरात, काम करताना. गुडघ्याला ते मलम लावता ना, ते लावत राहा. आणि मग द्या, तशीच. धुऊ नका."

मी विचारलं, ही काय थट्टा आहे? माझ्या भेटीची एवढी किंमत, की आता तिला मलमाचा वास लावून आणून देऊ?

"ती शालीशिवाय झोपत नाही."

"इथे आठ शाली ठेव. मी आणून देते."

"तुमच्या वासाशिवाय, आजी. मी पहिल्या दिवशी खांद्यावर घेतली, तिने ओढून घेतली आणि तोंडात कोपरा धरून झोपली. तेव्हापासून तिचीच आहे. वास जाऊ नये म्हणून पिशवीत बांधून ठेवते. आम्ही शाल म्हणतच नाही. आजी म्हणतो. 'चल, आजी काढू या' म्हटलं की स्वतःहून गादीवर जाऊन बसते."

जुळवलेली वाक्यं होती, त्यातलं एकही वापरता आलं नाही. शाल घेऊन घरी आले. पाणी प्यायले. आज याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही.

मंगळवार, १७ डिसेंबर

लिहिण्यासारखं आहे.

सुनेला आज समोर बसवलं. शाल माझ्या अंगावर होती, तिने ती पाहिली आणि समजली. मी विचारलं, कोणाच्या हुकमाने मला अंधारात ठेवलं?

म्हणाली, माझ्या.

मग सगळं सांगितलं. जुलैत पहिले सोळा दिवस नात दुपारी झोपायची नाही. दारापाशी जाऊन बसायची, चपला पायात घालून, आजी येईल म्हणून. वेणी तिला कडेवर घेऊन दोन दोन तास फिरायची. बाकीची सात मुलं थोपटायला मावशी चुलीवरचं सोडून यायच्या. दारापाशी बसणं सुटलं तरी सप्टेंबरपर्यंत झोप कडेवरच. शाल आली, त्या दिवशी पहिल्यांदा गादीवर झोपली. वास विरायला लागला की सून शाल गुपचूप शनिवारी घरी आणायची, माझ्या कपाटाच्या खालच्या खणात दोन दिवस ठेवायची, चार बोटं मलम चोळायची आणि सोमवारी परत न्यायची. माझ्या कपाटात माझ्याच वासाची चोरी. असा गुन्हा कुठल्या कलमात बसतो, मला ठाऊक नाही.

मी म्हटलं, मला सांगता आलं नाही?

"तुमचे टाकेही निघाले नव्हते, आई. सांगितलं असतं तर तुम्ही वॉकर घेऊन निघाला असता."

"निघाले असते."

"म्हणून."

यावर मला एक चांगलं उत्तर सुचलं, पण ते आत्ता, दोन तासांनी. सुनेने चहा केला. मी तिला एवढंच सांगितलं की चार बोटं जास्त होतात, दोन पुरेत. आणि मलम लोकरीला लावायचं नसतं, अंगाला लावायचं असतं, अंगाचं लोकरीला लागतं.

मग एक प्रश्न होता, तो विचारला. त्या सोळा दिवसांत ती चपला स्वतः घालायची की कोणी घालून द्यायचं? सून म्हणाली, स्वतः. उलट्या.

दोन आठवडे मी साप म्हणून भुई धोपटत होते, असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. माहिती दडवली होती, हे सिद्ध झालेलं आहे.

गुरुवार, १९ डिसेंबर

आज सकाळी पाठवायच्या पत्राची प्रत इथे उतरवून ठेवते. मूळ प्रत मुलगा शालीबरोबर नऊ वाजता देईल.

संचालिका बाईंना,

१. सोबतची शाल सोमवारी संध्याकाळपासून आज सकाळपर्यंत माझ्या अंगावर होती. स्वयंपाक, इस्त्री, पेपर वाचणं आणि दुपारची झोप हे सगळं मी ती घेऊन केलं. मलम दिवसातून तीनदा. नातीने काल ती माझ्या अंगावर असतानाच कोपरा तपासला आणि पसंत केला. शाल या तारखेपासून माझ्या नातीच्या नावावर आहे. वेणीकडून परत घेतल्याबद्दल, आणि विचारल्याशिवाय दोन साबणांनी धुतल्याबद्दल, मी वेणीची क्षमा मागते. ती तिला वाचून दाखवावी, मोठ्याने.

२. सुट्टीच्या भेटी पुढीलप्रमाणे. मावशींना उभं राहायला जाड रबरी चटई आणि बसायला उंच स्टूल. स्वयंपाक येणारी खुर्ची बाजारात मिळाली नाही. आपल्याला दोनशे पानी बांधीव नोंदवही. आपल्याकडे कोण कधी रडलं आणि कधी झोपलं याची नोंद कोणी ठेवत नाही, ही गोष्ट मला खटकली. पहिलं पान मी आखून दिलं आहे.

३. वेणीला हातांना लावायचं मलम, आणि एक नवी शाल. ती अजून सुईवर आहे, कालपर्यंत नऊ ओळी झाल्या. जानेवारीअखेर मिळेल. ही विणायला मी सकाळी, मलम लावण्याआधी, हात साबणाने धुऊन बसते, म्हणजे तिला कोणाचा वास लागणार नाही आणि कोणी ती ओढून घेणार नाही. ती वेणीने स्वतःच्या खांद्यावर घ्यावी. गारठ्याच्या दिवसांत मी वीस मिनिटं आधी येऊन बघणार आहे.

४. अडीच वर्षं जिला मी रोज दुपारी झोपवलं, तिच्या झोपेची बातमी मला पाच महिने मिळाली नाही. यापुढे असं चालणार नाही. तरी उद्या, शुक्रवार, वीस डिसेंबर, दुपारी चार वाजण्याच्या आत, नवीन नोंदवहीच्या पहिल्या पानावर, सहीनिशी, मला खालील गोष्टींचं लेखी उत्तर हवं आहे: ती झोपली का, किती वाजता, डाव्या कुशीवर की पालथी, आणि झोपण्याआधी ती कोणाला काय म्हणाली. तोंडी उत्तर किंवा नुसती मान हलवणं ग्राह्य धरलं जाणार नाही.